जुन्या गाडीत वाट दाखवणारं यंत्र



पाऊस सरल्यापासून आम्ही गटांच्या बैठकांना जिथे जिथे गेलो, तिथे बायका आधी आमच्या गाडीभोवती जमल्या. काचेजवळ ते काय लावलंय? किती पडलं? आमच्या जुन्या गाडीत बसेल का? बॅटरी उतरत नाही का? प्रत्येकीला उभ्या उभ्या अर्धंमुर्धं उत्तर देऊन निघायचं, आणि ती बिचारी दुकानात जाऊन फसायची, असं नको व्हायला. म्हणून आज केंद्रावर बसून सगळं एकदाच सांगतो. आमचे पैसे कुठे वाया गेले ते सांगणार आहोत, आणि या यंत्रापायी गटात जे भांडण झालं तेही सांगणार आहोत.

आमचा गट चौदा जणींचा. पनवेलहून नेऱ्याच्या रस्त्याला, माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याकडे आमचं गाव. तांदळाच्या भाकऱ्या, पोह्याचे पापड, कुरडया, आगरी मसाला आणि सांगितलं तर पन्नास-साठ माणसांचं जेवण, हा आमचा धंदा. गिऱ्हाईक सगळं शहरातलं. कळंबोली, कामोठे, खारघर, आणि आता उलवे. माल पोचवायला एक जुनी ओम्नी घेतली, २०१३ सालची. ही गाडी कंपनीने २०१९ मध्ये बनवायची बंद केली, पण आपल्याकडच्या रस्त्यांवर अजून भरपूर दिसते, आणि सुटा भागही कुठेही मिळतो. मागची सीट काढली की टोपल्या, डबे, पातेली सगळं मावतं.

गाडी चालवते आमच्यातलीच एक वहिनी. पस्तिशीत लायसन काढलं तिने. गावात पहिल्या दिवशी गाडी नेली तेव्हा नाक्यावरची माणसं चहा सोडून बघायला उठली होती. हात साफ आहे तिचा. रिव्हर्स तर आमच्या दादालोकांपेक्षा बरी घेते. अडचण हाताची नव्हती, वाटेची होती. तिचं सगळं आयुष्य नेरे आणि पनवेल एवढ्यात गेलेलं. शहरात गेलं की सेक्टर आलं, प्लॉट नंबर आला, एकसारख्या दिसणाऱ्या इमारती आल्या. आपल्या गावात कसं, वडाच्या झाडाकडून डावीकडे, शाळेच्या मागे. तिथे झाड नाही आणि विचारायला माणूसही नाही. गेटवरचा वॉचमन कालच लागलेला असतो.

गेल्या वर्षी बारशाचं जेवण होतं, साठ माणसांचं, उलव्याला. ठरले होते सात हजार दोनशे. वहिनी साडेअकराला पोचायची ती दीड वाजता पोचली. भाकऱ्या गार, पाहुणे खोळंबलेले. त्या घरच्यांनी हातावर पाच हजार टेकवले. आमची बोलायची सोय नव्हती, चूक आमचीच होती. बावीसशे रुपये गेले. परत आल्यावर वहिनी कोणाशी बोलली नाही. चावी खिळ्याला अडकवली आणि म्हणाली, आता शहरातली फेरी दुसऱ्या कोणाला सांगा.

दुसरं कोणी नव्हतंच. चौदा जणींत गाडी येणारी ती एकटी.

मग बैठकीत विषय निघाला की वाट दाखवणारं यंत्र घेऊ. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने विचारलं, फोनवर नकाशा असतो की, वेगळं कशाला? प्रश्न बरोबर होता. पण वहिनीचा फोन हा तिच्या एकटीचा फोन नाही. सकाळी त्याच्यावर पोराचा अभ्यास, संध्याकाळी नवऱ्याचे कामाचे फोन. तो फोन गाडीत नेला की घरी खोळंबा, आणि वळणावर यायला नि सासूबाईंचा फोन यायला एकच गाठ. नकाशा जातो, घंटी वाजते, आणि गाडी चुकीच्या पुलावर चढलेली असते. कळंबोलीच्या सर्कलला ज्यांनी गाडी घातलीय त्यांना कळेल. सायनकडचा रस्ता, जेएनपीटीचा रस्ता, पुण्याचा एक्स्प्रेसवे, सगळे तिथेच येऊन भिडतात. एक वळण चुकलं की परत फिरायला किती पुढे जावं लागतं ते विचारू नका.

आम्ही घाई केली. बुडालेले बावीसशे डोक्यात होते. पनवेलला एका दुकानात जुना नॅव्हिगेटर मिळत होता, म्हणजे फक्त नकाशा दाखवणारा तळहाताएवढा डबा, नेमका बावीसशेलाच. दुकानदाराने लावून दाखवला. छान बोलत होता, दाएँ मुड़ें, बाएँ मुड़ें. आम्ही घेऊन आलो. नारळ फोडायचा तेवढा बाकी होता.

दुसऱ्या दिवशी त्याच्यावर उलवे शोधलं. आमच्यातल्या एका मावशींचं माहेर चिंचपाड्याचं. त्या मागून डोकावून बघत होत्या. त्यांनी एकदम बोट ठेवलं. "हे आमचं गाव. हा बघ तळ्याकडचा रस्ता."

चिंचपाडा आता त्या जागी नाही, हे तुमच्यातल्या पुष्कळ जणींना माहीत आहे. विमानतळासाठी दहा गावं उठली. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी. उलव्याचा डोंगर कापून सपाट केला, नदीचा प्रवाह वळवला. लोक वडघर, करंजाडे, पुष्पकनगरला गेले. पण त्या डब्यात गाव होतं तिथेच होतं, रस्ते, तळं, सगळं. मावशी बराच वेळ ते बघत बसल्या. आम्हीही काही बोललो नाही. मग वहिनीच म्हणाली, "मावशी, तुमचं माहेर यात आहे, पण मला भाकऱ्या पोचवायच्या आहेत त्या इमारती यात नाहीत."

हीच पहिली गोष्ट. यंत्र बघायच्या आधी नकाशा कधीचा आहे ते विचारा. पनवेलच्या आसपास तर हे फारच महत्त्वाचं. २०१६ मध्ये पनवेलची महानगरपालिका झाली, २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाला, विमानतळाचे रस्ते आले. पाच-सात वर्षांपूर्वीचा नकाशा म्हणजे आपल्याकडे जवळजवळ दुसऱ्याच तालुक्याचा नकाशा. दुकानदार म्हणाला होता की नकाशा नवीन करून मिळतो. प्रत्यक्षात त्या जुन्या मॉडेलसाठी नवीन नकाशा येणंच बंद झालेलं होतं. तेव्हा दुकानात उभं राहून, आपल्या माहितीतलं एक अगदी नवीन ठिकाण शोधायला लावा. सापडलं तर पुढचं बोला. आम्ही पनवेलचा एसटी स्टँड शोधून खूश झालो होतो. तो कुठल्या नकाशात नसणार?

डबा परत दिला. चौदाशे परत मिळाले. आठशेचा शिकवणीचा खर्च वहीत तसाच लिहिलाय, लपवला नाही.

दुकानदार मग डॅशबोर्डात बसणारी मोठी स्क्रीन दाखवायला लागला. गाणी, सिनेमा, मागचा कॅमेरा, सगळं. नऊ हजार. ओम्नीचा डॅशबोर्ड तुम्ही पाहिलाय, त्यात ती स्क्रीन बसवायची म्हणजे प्लास्टिक कापा, खाली जागा करा. आणि भाकऱ्या पोचवताना सिनेमा कोण बघणार? शेवटी आम्ही गाडीचा असा एक वेगळाच फोन घेतला, वापरलेला, चांगल्या मोठ्या काचेचा, चार हजारांचा. त्यात सिमकार्ड गटाच्या नावावर. तो फोन गाडीतच राहतो, रात्री गाडीच्या चावीबरोबर घरात येतो. त्यावर कोणाच्या सासूबाईंचा फोन येत नाही, कारण नंबर कोणाला दिलेलाच नाही. आता हे भाव आमच्याकडचे, तुमच्या बाजाराला कमी-जास्त असतील.

एक लक्षात ठेवा. आपण कुठे आहोत हे कळायला नेट लागत नाही, नकाशा दिसायला लागतं. मालडुंग्याच्या बाजूला आत शिरलं की रेंज जाते, आणि तिथे नकाशा कोरा होतो. म्हणून घरी, चांगल्या रेंजमध्ये असताना पनवेल-उरण-कर्जत एवढा भाग फोनमध्ये उतरवून ठेवायचा. मग रेंज गेली तरी वाट दिसत राहते. हे काम आमची कॉलेजवाली करते, महिन्यातून एकदा. आणि टोलचे रस्ते टाळायची खूण असते ती लावून ठेवायची, नाहीतर दहा मिनिटं वाचवायच्या नादात यंत्र टोलच्या रस्त्याला नेऊन घालतं. भाकरीच्या फेरीत टोल परवडत नाही.

आता बसवण्याचं. इथे जरा वेळ घेतो, कारण जुन्या गाडीत खरी गोम इथेच आहे.

आमच्या ओम्नीत सिगारेट लायटरचं सॉकेटच नव्हतं. दुकानातल्या पोराने वीस मिनिटांत एक सॉकेट लावून दिलं, वायर थेट बॅटरीवरून आणलेली. फोन चार्ज होऊ लागला, आम्ही खूश. चौथ्या दिवशी पहाटे सेल्फ मारला तर गाडी टक टक करून गप्प. टोपल्या भरलेल्या, उजाडायला लागलेलं. शेजारच्या दादांना उठवून धक्का मारला तेव्हा चालू झाली. काय झालं होतं? थेट बॅटरीवरून वायर आली की गाडी बंद असली, चावी काढलेली असली, तरी तिथे करंट चालूच. चार्जर लावलेला राहिला की रात्रभर थोडा थोडा खातो. नवी बॅटरी चार रात्री सोसेल. आमची बॅटरी तीन वर्षांची, तिचा जीव तो केवढा.

त्या दिवशी वहिनी गाडी घेऊन गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेली. चाचा म्हणतात त्यांना सगळे. त्यांनी फोनकडे बघितलंही नाही. आधी बॅटरी उघडली. टोकांवर पांढरा-हिरवा थर आलेला, मीठ फुटल्यासारखा. तो गरम पाणी ओतून ब्रशने धुतला, टोकं घासून आवळली, वर थोडं ग्रीस लावलं. मग मीटर लावला. गाडी बंद असताना बारा पॉइंट दोन दाखवलं. चांगल्या भरलेल्या बॅटरीने बारा पॉइंट सहाच्या आसपास दाखवायला हवं. गाडी चालू करून पुन्हा बघितलं, चौदाच्या जवळ गेलं. म्हणजे गाडी बॅटरी भरतेय, अल्टरनेटर ठीक आहे. चालू गाडीत तेरा-साडेतेराच्या खालीच राहिलं असतं तर दुखणं वेगळं होतं, मग यंत्र लावायचं सोडून आधी तो खर्च काढावा लागला असता. मग बॉडीला जिथे आर्थिंग जोडलेलं असतं तो नट त्यांनी खोलून गंज घासला. जुन्या गाडीत निम्मी दुखणी त्या एका गंजलेल्या नटाची असतात, असं चाचा म्हणाले.

हे सगळं झाल्यावर सॉकेटची वायर त्यांनी बॅटरीवरून काढली आणि चावी फिरवल्यावरच ज्यात करंट येतो त्या वायरीला जोडली. मध्ये एक छोटा फ्यूज टाकला. फ्यूज कशासाठी हे आपल्या बायकांना सांगायला नको, घरातला उडतो तेव्हा आपणच बदलतो. पण दुकानातल्या पोराने तो टाकलाच नव्हता, हे ऐकून अंगावर काटा आला. ओम्नीत इंजीन पुढच्या सीटच्या खाली. तिथल्या उष्णतेने वायरीचं वेष्टन वितळलं, वायर पत्र्याला टेकली आणि मध्ये फ्यूज नसला, तर वायर पेटते. आणि त्या सीटवर वहिनी बसलेली.

चाचांनी एकूण साडेसहाशे घेतले. फोन अडकवायचा स्टँड साडेचारशेचा. स्टँडमध्ये कंजुषी करू नका, आम्ही आधी शंभरवाला घेतला होता, तो एका गतिरोधकावर फोनसकट पायाशी आला. ब्रेकच्या पायाशी. चार्जरही बरा घ्या, बारा व्होल्टचे पाच करताना फालतू चार्जर तापतो आणि दुपारच्या उन्हात फोन आणखी तापवतो. स्टँड काचेच्या मधोमध लावू नका, समोरचं माणूस लपतं. आमचा खाली, डॅशबोर्डच्या मधल्या बाजूला आहे, वहिनीला मान न वळवता नजर टाकता येते. तुमच्या गाडीला एअरबॅग असेल तर तिच्या झाकणावर काही बसवू नका. ती फुटली तर ते यंत्र दगडासारखं तोंडावर येतं. वायर मोकळी लोंबू देऊ नका, चिकटपट्टीचे क्लिप मिळतात, कडेकडेने न्या.

पोलीस पकडतील का, असं बऱ्याच जणी विचारतात. १ ऑक्टोबर २०२० पासून नियम असा आहे की गाडी चालवताना फोनसारखं उपकरण फक्त वाट बघण्यासाठी वापरता येतं, तेही चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. हातात धरून बोलणं हा गुन्हाच. आम्ही स्वतःचा नियम असा केलाय की पत्ता गाडी उभी असताना टाकायचा आणि एकदा चाक फिरलं की काचेला बोट लावायचं नाही. पत्ता बदलला तर बाजूला घेऊन थांबायचं. शक्य असेल तेव्हा दुसरी एक जण सोबत जाते, ती बघते आणि सांगते.

एकदा सत्तरीच्या एका काकूंनी विचारलं, "गो बाय, वरून ते आपल्याला बघतात का?" खूप जणींच्या मनात हे असतं, विचारत नाहीत. तर तसं नाही. आत्ता आम्ही इथून बोलतोय आणि तुम्ही ऐकताय. तुमच्यातली कोण चुलीपाशी आहे, कोण शेतात आहे, हे आम्हाला इथे बसून काही कळत नाही. उपग्रहाचंही असंच आहे. तो जमिनीपासून सुमारे वीस हजार किलोमीटरवरून नुसता बोलत असतो, की मी अमुक उपग्रह, मी इथे आहे, आत्ता इतके वाजलेत. आपलं यंत्र ऐकतं. वीज चमकली की आपण आकडे मोजतो आणि गडगडाट किती उशिरा आला त्यावरून पाऊस किती लांब आहे ते ओळखतो ना? यंत्र तेच करतं, चार उपग्रहांचं ऐकून. म्हणून पत्र्याच्या शेडखाली किंवा पुलाखाली ते गोंधळतं. सकाळी गाडी मोकळ्यावर काढून दोन-तीन मिनिटं उभी ठेवायची, मग निघायचं. अमेरिकेची ही व्यवस्था, तिला जीपीएस म्हणतात. आपल्या इस्रोनेही २०१३ पासून आपले उपग्रह सोडले, त्या व्यवस्थेचं नाव नाविक.

आणि एक सांगायलाच हवं. हे सगळं गणित जुळायला पृथ्वीचा नेमका आकार माहीत असावा लागतो. ती काही चेंडूसारखी गोल नाही, कुठे फुगलेली, कुठे दबलेली. ते गणित करणाऱ्यांत ग्लॅडिस वेस्ट नावाच्या बाई होत्या. १९३० साली अमेरिकेत एका कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबात जन्मल्या, शेतात राबण्यापेक्षा शिकू असं ठरवून गणित शिकल्या, आणि १९५६ पासून तिथल्या नौदलाच्या केंद्रात आकडेमोड करत राहिल्या. त्यांचं काम जगाला कळलं ते फार उशिरा. २०१८ मध्ये अमेरिकन हवाई दलाने त्यांचा सन्मान केला. गंमत अशी की स्वतः प्रवासाला निघताना आपल्याला कागदी नकाशाच बरा वाटतो, असं त्यांनी सांगितलं होतं.

आता भांडण.

स्क्रीनवाल्या दुकानदाराने आम्हाला ट्रॅकरही दाखवला होता. काड्यापेटीएवढा डबा, तो गाडीत लपवून बसवायचा. त्यात सिमकार्ड असतं, आणि तो गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, कुठे किती वेळ थांबली, हे दुसऱ्याच्या फोनवर पाठवतो. बघा, इथे फरक आहे. नकाशाचं यंत्र गाडी चालवणारीला सांगतं. ट्रॅकर तिच्याबद्दल इतरांना सांगतो. दिसायला दोन्ही डबेच.

आमच्या दोघी-तिघींना तो पटला. गाडी चोरीला गेली तर? डिझेल-पेट्रोलचा हिशोब जुळेल. खोटं कशाला बोला, हिशोबाची वही आमच्याकडे असते, आम्हालाही जरा मोह झाला होता. तेवढ्यात वहिनीच्या घरूनही निरोप आला की गाडीत तसलं काही बसवत असाल तर आमच्या फोनवरही दिसू दे. बैठकीत हे सगळं चाललेलं, वहिनी पापड मोजत होती. मोजता मोजता थांबली. "मला वाट सापडावी म्हणून घेताय, की मी सापडावी म्हणून?"

कोणी काही बोललं नाही. मग थोरल्या काकू म्हणाल्या, रात्री गाडी बंद पडली आणि ही कुठे आहे तेच कळलं नाही तर? तेही खरंच होतं. त्यांची भीती काही खोटी नव्हती. शहराच्या रस्त्यावर एकटी बाई, जुनी गाडी. सरकारने २०१९ च्या जानेवारीपासून नव्याने नोंदवल्या जाणाऱ्या प्रवासी वाहनांना असं यंत्र आणि संकटाचं बटण सक्तीचं केलं, ते बायकांच्या सुरक्षेसाठीच. पण ती प्रवासी वाहनं. तिथे अनोळखी माणसाच्या गाडीत आपण बसतो, नजर गाडीवर असते. इथे गाडी आमची, चालवणारी आमच्यातली.

तीन बैठका गेल्या यात. एकदा तर एक जण उठून गेली. शेवटी ठरलं ते असं. लपवून काही बसवायचं नाही. गाडीच्या फोनवरून आपण कुठे आहोत ते दुसऱ्याला काही तासांपुरतं दाखवता येतं, ते वहिनीने स्वतः सुरू करायचं, फेरीला निघताना. दिसेल दोघींना, गटाच्या अध्यक्षांना आणि वहिनी सांगेल त्या घरच्या एका माणसाला. तिने नणंदेचं नाव सांगितलं. चावी खिळ्याला लागली की बंद. मध्ये कुठे अर्धा तास थांबली म्हणून हिशोब विचारायचा नाही, माल वेळेवर पोचला की झालं. पेट्रोलचा हिशोब पूर्वीसारखाच, किलोमीटर लिहून.

सगळ्यांना हे पटलंय असं नाही. एक-दोघी अजून म्हणतात की गाडी गटाच्या पैशाची आहे, तर दिसायला काय हरकत आहे. आम्हाला त्यांचंही थोडं पटतं. पण वहिनीने चावी पुन्हा हातात घेतली ती या ठरावानंतर.

यंत्र आल्यावर चुका संपल्या असंही समजू नका. २०२५ च्या जुलैत, आपल्या बेलापूरला, मध्यरात्रीनंतर एक बाई गाडी घेऊन उलव्याला निघाल्या होत्या. नकाशावर बघून चाललेल्या. पुलावरून जायचं ते पुलाखालच्या रस्त्याने गेल्या, तो रस्ता जेटीवर संपला आणि गाडी खाडीत गेली. सागरी सुरक्षा पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं, जीव वाचला. उत्तर प्रदेशात बरेलीजवळ २०२४ च्या नोव्हेंबरात पुराने तुटलेल्या पुलावरून गाडी पडली, त्यात तिघे गेले. आपल्या अकोले तालुक्यात २०२१ च्या जानेवारीत रात्री गाडी धरणाच्या पाण्यात गेली, चालवणारा वाचला नाही. वर पूल आणि खाली रस्ता असेल तर आपण नेमके कुठे आहोत हे यंत्राला नीट कळत नाही. पाणी किती चढलंय हे तर मुळीच कळत नाही.

या पावसाळ्यात वहिनीला ते एकदा दिसलं. आमच्याच भागातली जवळची म्हणून एक वाट यंत्र दाखवत होतं, सरळ जा, सरळ जा. पुढे गाढीला मिळणाऱ्या ओढ्यावरची मोरी, वरून लाल पाणी चाललेलं. तिने गाडी थांबवली. तिथे एक गुराखी छत्री घेऊन उभा होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, सकाळपासून मोटारसायकलही गेली नाही. यंत्र सांगतच होतं, सरळ जा. वहिनी म्हणे, त्याचा आवाज बंद केला आणि गाडी वळवली. त्या दिवशी पाऊण तास उशीर झाला. तिने आधी फोन करून गिऱ्हाइकाला सांगितलं, पैसे पूर्ण मिळाले.

तेव्हापासून गाडीत एक वही आहे, दोऱ्याने पेन बांधलेली. यंत्र कुठे चुकतं ते त्यात लिहायचं. कुठल्या सोसायटीचं गेट मागच्या रस्त्याला आहे, कुठली मोरी पावसात बंद असते, कळंबोलीला कोणत्या पुलाच्या आधी डावीकडे राहायचं, कुठे बायकांना जायला स्वच्छ जागा आहे. शेवटची गोष्ट कुठल्याच नकाशात नीट सापडत नाही, म्हणून तिच्यासाठी चार पानं वेगळी ठेवलीत. चिंचपाड्याच्या मावशींनी एका पानावर आपल्या जुन्या गावाचा रस्ता काढून ठेवलाय, तळ्यासकट. त्याचा फेरीला उपयोग नाही, पण पान कोणी फाडलेलं नाही.

ज्यांना स्टँड कसा लावलाय, फ्यूज कुठे आहे हे प्रत्यक्ष बघायचं असेल त्यांनी मंगळवारी दुपारी नेऱ्याच्या नाक्यावर यावं. त्या दिवशी गाडी रिकामी असते आणि वहिनी तिथेच असते. येताना आपली गाडीही घेऊन या, आणि निघण्याआधी बॅटरीची टोकं तेवढी उघडून बघा.